दिंडीची गाडी अकरा महिने दाराशी



पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाला, की पालख्या परतीला लागतात आणि आमचं पंढरपूर दोन दिवसांत रिकामं होतं. प्रदक्षिणा मार्गावर चिखल, एकेकट्या चपला आणि बुक्क्याचे काळे ठसे एवढंच मागं उरतं. त्यानंतरच्या आठवड्यात मठांच्या अंगणांत, आणि इथून बार्शी-लातूरपर्यंतच्या गावांत जिथं जिथं घरात दिंडी आहे तिथं, दारापुढं एक ट्रक नाही तर टेम्पो येऊन उभा राहतो. अठरा-वीस दिवस ही गाडी म्हणजे चालतं घरच होतं. तिच्यातच स्वयंपाकघर, तिच्यातच कोठी, माळकऱ्यांच्या वळकट्या, पाण्याची टाकी, औषधाची पेटी, आणि पावसानं गाठलं तर म्हाताऱ्यांना टेकायची जागाही तिच्यातच. आता पुढचे अकरा महिने ती नुसती उभी. यंदा अधिक महिना मध्ये आला तर बारा.

एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. लग्नाला दोनच वर्षं झालेली, सासरी तीन पिढ्यांची दिंडी. या वर्षी सासूबाईंनी सामानाच्या पेट्यांच्या किल्ल्या हिच्या हाती दिल्या. गेल्या ज्येष्ठात तंबू उलगडले तेव्हा असा कुबट वास सुटला होता की पहिल्या मुक्कामी बायका बाहेर उघड्यावर निजल्या, म्हणून तिनं विचारलं आहे की नेमकं काय काय करून गाडी बंद करायची. घरातल्या पुरुषांना विचारलं तर "गाडीचं ड्रायव्हर बघतो" एवढंच उत्तर मिळतं म्हणे.

हे उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे! गाडीचं ड्रायव्हर बघतो हे खरं, पण वारी झाली की ड्रायव्हर उसाच्या नाही तर वाळूच्या गाडीवर जातो. दाराशी उभी राहते ती गाडी, आणि घरात असतो आपण. शिवाय त्या गाडीतलं सामान कुणा एकाच्या मालकीचं नसतं. प्रत्येक माळकऱ्यानं भरलेल्या भिशीतून, कुणी आईच्या नावानं दिलेल्या पातेल्यातून, कुणी फेडलेल्या नवसाच्या ताडपत्रीतून ते जमलेलं असतं. तेव्हा संकोच न करता किल्ल्या घ्या आणि कामाला लागा.

गाडी नुसती उभी राहिली तर काय होतं, हे २०२० आणि २०२१ साली सगळ्या महाराष्ट्राला कळलं. कोरोनामुळं ती दोन वर्षं पायी वारी निघालीच नाही. संतांच्या पादुका तेवढ्या एसटीच्या बसनं पंढरपुरात आल्या. म्हणजे २०१९ च्या आषाढीनंतर जी दिंडीची गाडी झाकून ठेवली ती थेट २०२२ च्या जूनमध्ये उघडली. आमच्या पेठेतल्या एका दिंडीची गाडी उघडताना मी होते. राहुटीची घडी उचलली तर घडीच्या रेघेवर कापड हातात पापडासारखं तुटून आलं. एका जागी तीन वर्षं उभं राहून टायर खालच्या बाजूनं चपटे झालेले, दोन्ही बॅटऱ्या मेलेल्या, आणि पुढच्या फळीमागं उंदरानं वायरींचा असा भुगा केलेला की दिवा लागेना आणि भोंगाही वाजेना. प्रस्थानाला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत जो खर्च झाला त्यात नवी राहुटी येऊन वर शिल्लक उरली असती. विशेष म्हणजे त्याच गल्लीतल्या दुसऱ्या एका मठाची गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. तिथं एक आजीबाई दर संकष्टीला नातवाला गाडीवर बसवत होत्या. त्यांचं तंत्र पुढं सांगते.

आधी गॅस. वारीहून परत आल्या दिवशीच, बाकी काही हलवण्यापूर्वी, सिलिंडर गाडीतून उतरवा. भरलेला असो वा रिकामा, बंद गाडीत सिलिंडर ठेवायचा नाही म्हणजे नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर धुरासारखा वर जात नाही, फळ्यांवर, सतरंज्यांखाली साचून बसतो आणि महिन्यांनी कुणी आत शिरून दिव्याचं बटण दाबलं की भडका. रेग्युलेटर काढा, तोंडाला टोपण बसवा, सिलिंडर उभाच ठेवा, तोही हवेशीर जागी. भट्टीची रबरी नळी वाकवून बघा. चिरा दिसल्या की ती गेली. चिरा नसल्या तरी पाच वर्षांवर कोणतीही नळी वापरू नये. नळीवर साल छापलेलं असतं. सिलिंडरवरही त्याच्या तपासणीची मुदत असते, ती कडीच्या आतल्या बाजूला रंगवलेली असते. ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि पुढं साल. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणं. पुढच्या आषाढीच्या आतच मुदत संपत असेल तर तो सिलिंडर आत्ताच बदलून घेतलेला बरा. आणि अकरा महिन्यांनी गाडी उघडताना आधी सगळी दारं, मागचा फाळका सताड उघडा, पाच-दहा मिनिटं वारा जाऊ द्या, मगच आत चढा.

पाण्याची टाकी दुसऱ्या दिवशी. तळाशी चमचाभर पाणी राहिलं तरी आठवड्यात डासांची पिल्लं दिसतात. टाकी पूर्ण उपसा, आतून काथ्यानं घासा, धुऊन पालथी घाला. ती गाडीवर पक्की बसवलेली असेल तर खालची तोटी उघडी ठेवून तोंडाला धुवट फडकं बांधा, म्हणजे हवा खेळते आणि डास शिरत नाही. परदेशात लोक चाकांवरचं घर बाळगतात, सुट्टीपुरतं बाहेर काढतात आणि हिवाळाभर बंद ठेवतात. त्यांना नळ्यांतलं पाणी काढावंच लागतं, नाही तर ते गोठून नळ्या फुटतात. आपल्याकडं फुटायचं भय नाही, पण शेवाळ, डास आणि कुजका वास आहे. वारी आणि पटकी यांची जोडी आपल्या आज्या-पणज्यांनी फार पाहिली आहे, त्यामुळं पाण्याच्या बाबतीत आळस नको.

आता कापड. इथं मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण दिंडीचं सर्वांत जास्त नुकसान इथंच होतं आणि ते टाळणं सर्वस्वी आपल्या हाती असतं.

वाखरीच्या मुक्कामानंतर पाऊस झालेला असतो. राहुट्या ओल्याच गुंडाळून ट्रकात टाकतात, त्यावर वळकट्या, त्यावर पातेली. घरी आल्यावर माणसं दमलेली, "उद्या वाळत घालू" म्हणतात. सुती कापडाला ओल राहिली की दोन-तीन दिवसांत काळे ठिपके उठतात. ती बुरशी. ठिपका निघत नाही एवढाच प्रश्न नसतो, बुरशी सूतच खाते. म्हणून पहिलं ऊन पडेल त्या दिवशी राहुटी गच्चीवर, कंपाउंडवर, शेजारणीच्या अंगणात, जिथं मिळेल तिथं पसरा. वरून कोरडी वाटली तरी शिवणी, कोपऱ्यांच्या दुहेरी पट्ट्या आणि दोर ओवायच्या कड्यांजवळचा भाग हातानं दाबून बघा. तिथं ओल दडलेली असते. आषाढ-श्रावणात ऊन नाहीच निघालं, तर राहुटी घडी करून ठेवण्यापेक्षा माडीत दोरीवर सैल टांगून ठेवा, पण घडी घालू नका.

चिखल वाळू द्या, मग कुंच्यानं झाडा. ओला चिखल चोळला तर तो सुतात जिरतो. पांढऱ्या राहुटीला धुण्याची पावडर लावायचा मोह होतो, तो आवरा. पावडरीनं कापडावरचं पाणी अडवणारं अस्तर निघून जातं आणि पुढच्या वर्षी राहुटी चाळणीसारखी गळते.

गळू लागलीच असेल तर एक जुना उपाय सांगते. सुती राहुटीलाच तो चालतो, प्लॅस्टिकच्या ताडपत्रीला नाही. साधारण साडेसात लिटर गरम पाण्यात अर्धा किलो कपडे धुण्याचा खरा साबण किसून विरघळवा. वडीच्या रूपात मिळणारी धुण्याची पावडर नको, साबणच हवा. हे पाणी कापडाला नीट मुरेल असं लावा आणि कापड पूर्ण वाळवा. मग पावणेचार लिटर गरम पाण्यात पाव किलो तुरटी विरघळवून ते पाणी त्याच कापडाला लावा, पुन्हा वाळवा. साबण आणि तुरटी एकत्र आले की न विरघळणारा मेणचट थर सुताच्या आत बसतो, तोच पाणी अडवतो. बोअरचं पाणी मात्र यासाठी घेऊ नका. आमच्या भागात ते इतकं जड की साबणाचा साका होऊन वर तरंगतो आणि कापडापर्यंत काही पोचत नाही. पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवा. आधी एका कोपऱ्यावर करून बघा, मग सगळ्या राहुटीला.

ठेवताना घडी दरवर्षी एकाच रेघेवर पडू देऊ नका. घडीपेक्षा गुंडाळी बरी. जाड बांबूवर गुंडाळता आली तर उत्तम. मेखा, लोखंडी खुंट्या आणि काठ्या राहुटीच्या पोटात गुंडाळून ठेवायची बहुतेकांना सवय असते. त्यानंच गंजाचे डाग पडतात आणि डागाच्या जागी पुढं भोक. खुंट्या वेगळ्या पोत्यात, तेलाचं बोट फिरवून. दोर मोजून, गाठी सोडून. सगळं जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, भिंतीला न टेकता ठेवा. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचं उलट आहे. तिला ओलीचं फारसं भय नाही, उन्हाचं आहे. वर्षभर गाडीवर झाकण म्हणून घातलेली ताडपत्री पुढच्या ज्येष्ठात बोटांनी फाटते. गाडी झाकायला जुनी वापरा, वारीची आत ठेवा.

सतरंज्या, सोलापुरी चादरी धुऊन उन्हं दाखवून ठेवल्या की झालं. घोंगड्यांना मात्र कसर लागते. त्या झाडून, उन्हात टाकून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पेटीत ठेवाव्यात आणि दिवाळीनंतर एकदा पुन्हा उन्हात काढाव्यात. नुसत्या पाल्यावर विसंबून राहू नका. कसर खरी पळते ती झाडण्यानं आणि उन्हानं.

भांड्यांबद्दल थोडंच सांगते, कारण ते तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पितळेची पातेली चिंचेनं घासून कोरडी करून पालथी घाला, एकात एक घालताना मध्ये कागद घाला. कल्हई वारीहून आल्यावर नको, निघायच्या आधी महिनाभर करून घ्या. हल्ली कल्हईवाला शोधावा लागतो, त्याला वैशाखातच सांगून ठेवा.

धान्याचं पोतं, उरलेली साखर, पोह्यांचा अर्धा डबा, देवाचा प्रसाद म्हणून खोक्यात राहिलेले चुरमुरे, यांतलं काही म्हणजे काही गाडीत राहता कामा नये. उंदराला दोनच गोष्टी लागतात, खाणं आणि निवारा. निवारा आपण दिलेलाच असतो, निदान खाणं देऊ नये. फळ्यांमधल्या फटी झाडून काढा. खालून नळ्या, वायरी आत येतात तिथली मोठी भोकं बारीक जाळीनं बंद करा. उंदराचं औषध गाडीत टाकू नका. तो फळीमागं जाऊन मरतो आणि महिनाभर वास जात नाही. शिवाय त्याच फळीवर पुढं धान्य जायचं असतं. पिंजरा लावा. ज्येष्ठात सामान काढाल तेव्हा भांडी दिसायला स्वच्छ असली तरी साबण आणि कढत पाण्यानं पुन्हा धुवा. उंदराच्या मुताचा डाग दिसत नाही, पण त्यातून आजार येतो.

आता खुद्द गाडी. घाबरू नका, पाना-पकड घेऊन खाली निजायला मी सांगत नाही. पण काय करून घ्यायचं हे माहीत असलं, की "बाई, तुम्हांला त्यातलं काय कळतंय" असं कुणी म्हणत नाही.

जागा आधी. पंढरपूरचं रान काळं. आषाढात टणक वाटलं तरी सोलापूर जिल्ह्याचा खरा पाऊस भाद्रपदात, सप्टेंबरमध्ये येतो. मग काळ्या मातीत उभी गाडी एका बाजूनं रुतते आणि सगळा भार दोन चाकांवर येतो. मुरूम टाकलेली किंवा फरशीची जागा बघा. नदीकाठचा सखल भाग तर नकोच. आमच्याकडं पाऊस नसतानाही पूर येतो. वर उजनी भरतं, तिकडं नीरेवरचं वीर धरण भरतं, दोन्हीकडचं पाणी नीरा-नरसिंहपूरला एक होऊन चंद्रभागेत उतरतं आणि आकाश निरभ्र असताना घाटाच्या पायऱ्या बुडतात. २०२० च्या ऑक्टोबरात, आषाढी होऊन तीन महिन्यांनी, असंच पाणी वस्तीत शिरलं होतं. दसरा तोंडावर आला म्हणून निर्धास्त होऊ नये.

टायरवर तुम्ही स्वतः एक गोष्ट वाचू शकता. टायरच्या कडेला लांबट गोल चौकटीत चार आकडे असतात. समजा २३१९ असे असले, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. वर्षातून एकदाच निघणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, त्यामुळं दिसायला नवे राहतात आणि सगळे फसतात. रबर वयानं म्हातारं होतं. सहा वर्षांपुढच्या टायरची दरवर्षी तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांचा टायर कितीही चांगला दिसला तरी काढावा. ज्या टायरवर पन्नास माणसांचं धान्य, पाणी आणि वर बसलेल्या दोन आजारी म्हाताऱ्या जायच्या आहेत, त्याच्या बाबतीत "अजून एक वारी काढील" असं कुणी म्हणालं तर भांडा. मी तरी भांडेन.

उभी करताना टायरमध्ये हवा पूर्ण भरून घ्या. ऊन लागेल त्या बाजूच्या चाकांवर पोती टाका, आमच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात रबराला भेगा पडतात. लहान टेम्पोचा हँडब्रेक महिनोन्महिने ओढून ठेवला तर आतले पट्टे चिकटून बसतात. त्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावावेत. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, त्यांचं तंत्र निराळं. तिथं हवेच्या टाकीत साचलेलं पाणी ड्रायव्हरकडून सोडवून घ्यायचं. डिझेलची टाकी भरलेली ठेवा. अर्धी रिकामी टाकी असली की वरच्या मोकळ्या जागेतल्या हवेची वाफ धरून पाणी खाली उतरतं आणि गंज सुरू होतो.

बॅटरी वापरली नाही तरी आपोआप उतरत जाते, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की कायमची जाते. गाडी दोन महिन्यांहून जास्त हलणार नसेल तर तारा काढाव्यात. आधी काळी, मग लाल. लावताना उलट, आधी लाल. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते ती खरी बुरशी नव्हे, क्षार असतो. सोडा घातलेल्या कढत पाण्यानं ती निघते, मग कोरडं करून व्हॅसलीनचं बोट लावायचं. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, नळाचं नव्हे. गॅरेजवाल्याकडं मीटर असतो. एका बॅटरीवर १२.६ आला म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली गेली की चार्जिंगला द्यायची. बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते असं अजून सांगतात. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या पेटीला ते लागू नाही. तरी फळीवर ठेवा, ओलीपासून दूर राहते.

आता त्या आजीबाईंचं तंत्र. दर संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघण्याआधी, दुपारी, नातू गाडी बाहेर काढी आणि मंगळवेढ्याच्या रस्त्यानं दहा किलोमीटर जाऊन परत येई. कोरोनाच्या दिवसांत लांब जायची परवानगी नव्हती तेव्हा तेवढी गाडी गल्लीतच पुढं-मागं केली, म्हणजे चाकांची बाजू तरी बदलली. हे अगदी बरोबर आहे. पुष्कळ घरी गाडी जागेवरच पाच मिनिटं सुरू करून बंद करतात आणि समाधान मानतात. त्यानं उलट तोटा होतो. इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ तेलात आणि धुराच्या नळीत पाणी होऊन बसते, आणि सुरू करताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं परत भरतही नाही. चालवायची तर नीट वीसेक किलोमीटर, नाही तर हात लावू नका. आजीबाई आणखी एक करीत. गाडी निघण्याआधी काठीनं चाकांवर, बॉनेटवर चार-दोन फटके मारीत. खाली मांजर निजलेलं असतं, कधी नागही वेटोळं घालून असतो.

कागदांकडं सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. गाडी उभी असली तरी विमा, फिटनेस आणि पीयूसी यांच्या मुदती चालतच असतात. तिन्ही तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुधाचा हिशेब लिहिता तिथंच.

निघण्याच्या महिनाभर आधी गाडी पुरी भरून एकदा रस्त्यावर काढा. रिकाम्या गाडीचे ब्रेक लागतात याला काही अर्थ नाही. आळंदीहून निघालं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिवे घाट. माउलींच्या रथाला तिथं जादा बैलजोड्या लावाव्या लागतात, यावरून चढ ओळखा. गाड्यांच्या मागंपुढं माणसंच माणसं. अकरा महिने उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक कसे आहेत हे त्या गर्दीत कळून उपयोग नाही. भरल्या गाडीनं मिस्त्रीला सोबत घेऊन फेरी करा, त्याच दिवशी भट्टी पेटवा, नळीच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा, राहुटी उभी करून तिच्यावर चार बादल्या पाणी ओता. ज्येष्ठाच्या सुरुवातीला कळलेलं भोक शिवता येतं.

टाकी भरण्यापूर्वी तीही धुवा आणि पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर घाला. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे साधारण सपाट चहाचा चमचाभर. ती आधी वाटीभर पाण्यात कालवून, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. पण पुडी ताजी घ्या. गेल्या वारीची उरलेली पावडर डब्यात दिसायला तशीच असते, तिच्यातला जोर मात्र उडून गेलेला असतो.

जाता जाता, आणखी एका भगिनीनं विचारलं आहे की दिंडीचा पखवाज गाडीतल्या पेटीतच ठेवला तर चालेल का. चालणार नाही. गाडीचा पत्रा उन्हाळ्यात तापतो, कातडं आकसून तडकतं. पखवाज घरात आणा. डाव्या पुडीवर लावलेली कणीक त्याच दिवशी ओल्या फडक्यानं हळूहळू काढून पुडी सावलीत वाळू द्या. वाळलेली कणीक राहिली की उंदीर आणि झुरळं कातड्यासकट खातात. गठ्ठे जरा सरकवून वादी सैल करा, सुती खोळ घाला आणि आडवा ठेवा. वीणेच्या ताराही उतरवा. टाळ पुसून कोरडे करा आणि त्यांची दोरी मात्र नवीनच ओवा, घामानं कुजलेली दोरी पुढच्या वर्षी ऐन रिंगणात तुटते.